भरपूर ऊन असूनही बॅटरी भरत नाही? आधी चार्ज कंट्रोलर तपासा

पॅनल ३३० वॅटचं, बॅटरी १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची, दिवसभर कडक ऊन, आणि तरी रात्री दहाच्या सुमारास इन्व्हर्टर बीप-बीप करून बंद. पॅनल पुसून झालं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालून झालं. मग बॅटरीच बदलली. चार-सहा महिने बरं चाललं आणि पुन्हा तेच. शेवटी आणखी एक पॅनल चढवलं. फरक पडला, पण मनासारखा नाही.

छोट्या ऑफ-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला न जोडलेल्या, सोलरची कामं करताना ही तक्रार माझ्यासमोर इतक्या वेळा आली आहे, की आता मी पॅनलकडे किंवा बॅटरीकडे वळण्याआधी भिंतीवरची ती लहानशी डबी बघतो. ही डबी म्हणजे चार्ज कंट्रोलर, पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा. तो बहुतेकदा सगळ्यात शेवटी, हातात उरलेल्या पैशांत घेतलेला असतो, आणि घेताना त्यावरचं '१२ व्होल्ट ३० अँपिअर' एवढंच वाचलेलं असतं. या दोन आकड्यांवरून निवड होत नाही. पॅनलच्या मागचं लेबल आणि बॅटरीचा प्रकार, हे दोन्ही समोर ठेवल्याशिवाय कंट्रोलर घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

३३० वॅटमधले २०० वॅट जातात कुठे

पॅनल उलटून लेबल वाचा. ७२ सेलच्या ३३० वॅटच्या पॅनलवर साधारण असे आकडे दिसतील: व्हीएमपी (पूर्ण ताकदीवरचं व्होल्टेज) ३७.५ व्होल्ट, आयएमपी (पूर्ण ताकदीवरचा करंट) ८.८ अँपिअर, व्हीओसी (काहीच न जोडता येणारं व्होल्टेज) ४६ व्होल्ट, आयएससी (शॉर्ट केल्यावरचा करंट) ९.३ अँपिअर. पहिल्या दोघांचा गुणाकार म्हणजे ३३० वॅट. म्हणजे हे पॅनल पूर्ण ताकद देतं ते ३७.५ व्होल्टवर. तिथून त्याला खाली ओढलं, तर करंट जवळपास तेवढाच राहतो आणि वॅट कमी होतात.

पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन) हा साध्या प्रकारचा कंट्रोलर नेमकं हेच करतो. तो मुळात एक जलद चालू-बंद होणारा स्विच आहे. चार्जिंग चालू असताना पॅनल थेट बॅटरीला जोडलेलं असतं, त्यामुळे पॅनललाही बॅटरीच्याच व्होल्टेजवर काम करावं लागतं. बॅटरी १३ व्होल्टवर असेल तर पॅनलही १३ व्होल्टवर. करंट सुमारे ९ अँपिअर. १३ गुणिले ९ म्हणजे ११७ वॅट. बाकीचे दोनशेहून जास्त वॅट तारेत किंवा कंट्रोलरमध्ये जळत नाहीत, ते पॅनलमधून बाहेरच येत नाहीत. म्हणूनच काही तापलेलं दिसत नाही, कुठे वास येत नाही, कंट्रोलरवर चार्जिंगचा दिवा छान हिरवा असतो, आणि माणूस बॅटरीला दोष देतो.

दुसरा प्रकार एमपीपीटी (मॅक्सिमम पॉवर पॉइंट ट्रॅकिंग). हा कंट्रोलर पॅनलला ३७ व्होल्टच्या आसपासच राहू देतो आणि आत व्होल्टेज उतरवून त्या बदल्यात करंट वाढवतो. तापलेलं पॅनल, धूळ, वायर आणि कंट्रोलरची स्वतःची घट धरली, तर ३३० वॅटच्या पॅनलमधून भर दुपारी २६० वॅट मिळाले तरी ते १३ व्होल्टवर २० अँपिअर होतात. दिवसाला पाच तास भरघोस ऊन धरा. पीडब्ल्यूएमवर ४५ अँपिअर-अवर, एमपीपीटीवर १००. रोजचा वापर ७० अँपिअर-अवर असेल, तर पहिल्या मांडणीत बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहणार आणि दुसऱ्या मांडणीत संध्याकाळपर्यंत भरणार.

दुसरं पॅनल चढवूनही समाधान का झालं नाही, तेही यावरून कळतं. पीडब्ल्यूएमवर ही दोन पॅनल समांतर जोडली तर १८ अँपिअर, म्हणजे १३ व्होल्टवर २३४ वॅट. छतावर ६६० वॅट आणि बॅटरीत एका पॅनलच्या एमपीपीटीइतकेही नाहीत. शिवाय ४६ व्होल्टचं व्हीओसी असलेलं पॅनल साध्या पीडब्ल्यूएमला जोडणं धोक्याचंही आहे. १२ आणि २४ व्होल्ट दोन्हींवर चालणाऱ्या अनेक साध्या कंट्रोलरची इनपुट मर्यादा ५० व्होल्टच्या आसपास असते आणि फक्त १२ व्होल्टवाल्यांची त्याहून बरीच कमी.

पीडब्ल्यूएम म्हणजे टाकाऊ वस्तू, असा याचा अर्थ घेऊ नका. ३६ सेलचं पॅनल, ज्याचं व्हीएमपी १८ आणि व्हीओसी २२ व्होल्टच्या आसपास असतं, ते १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीच बनवलेलं आहे. ५०, १०० किंवा १५० वॅटचं असं एखादं पॅनल असेल, दोन दिवे, एक पंखा आणि मोबाइल चार्जिंग एवढाच वापर असेल, तर चांगला पीडब्ल्यूएम वर्षानुवर्षं विनातक्रार चालतो. आतले भाग कमी आणि बिघडायला जागाही कमी. उष्ण हवेत तर या पॅनलवर एमपीपीटीचा फायदा फारच थोडा उरतो. पॅनलच्या काचेमागचं तापमान ६५ अंशांवर गेलं की १८ व्होल्टचं व्हीएमपी १५ च्या जवळ येतं, आणि बॅटरीला शेवटी १४.४ व्होल्ट हवेच असतात. मधे उरलं काय? बरेच एमपीपीटी तर पॅनलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा चार-पाच व्होल्टने जास्त झाल्याशिवाय चार्जिंग सुरूच करत नाहीत. म्हणून एमपीपीटी लावायचाच असेल तर ३६ सेलची दोन पॅनल सीरिजमध्ये जोडा, म्हणजे त्यांच्या व्होल्टेजची बेरीज होते.

डबीवर 'एमपीपीटी' लिहिलंय, पण आत काय आहे?

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या एका गोष्टीत लोकांची सर्रास फसवणूक होते. वर मोठ्या अक्षरात एमपीपीटी छापलेलं असतं आणि आत साधा पीडब्ल्यूएम असतो. मी स्वतःही एकदा असा कंट्रोलर दुसऱ्याच्या घरी बसवला आणि महिनाभर वायरिंगमध्ये दोष शोधत राहिलो. त्या घरच्यांचा तो महिना अंधारात गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कंट्रोलर नवा असो की जुना, मी ही चाचणी केल्याशिवाय राहत नाही.

सकाळी दहा-अकराच्या सुमारास, बॅटरी अजून भरलेली नसताना, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. चार्जिंग चालू असतानाच आधी कंट्रोलरच्या पॅनलकडच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, मग बॅटरीकडच्या दोन टर्मिनलवर. पॅनलकडे १३.४ आणि बॅटरीकडे १३.१ असं जवळजवळ सारखं आलं, तर वर काहीही छापलेलं असो, तो पीडब्ल्यूएमसारखाच वागतोय. पॅनलकडे ३४-३६ आणि बॅटरीकडे १३ आलं, तर तो खरा एमपीपीटी. बॅटरी भरलेली असताना ही चाचणी घेऊ नका. तेव्हा दोन्ही प्रकारचे कंट्रोलर पॅनलला मोकळं सोडू लागतात आणि मीटरवरचा आकडा दिशाभूल करतो.

क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) असेल तर खात्री अजून पक्की होते. पॅनलच्या वायरमध्ये ७ अँपिअर आणि बॅटरीच्या वायरमध्ये १८, असा फरक दिसला पाहिजे. दोन्हीकडे सारखाच करंट म्हणजे रूपांतर होतच नाही. क्लॅम्प मीटर मात्र डीसी मोजणारा हवा. घरगुती वायरिंगसाठी वापरतात ते अनेक क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि इथे शून्य दाखवतात. हातात घेतल्यावर वजनावरूनही अंदाज येतो: खऱ्या एमपीपीटीत तांब्याच्या तारेची जाड कॉइल आणि बऱ्यापैकी मोठा हीटसिंक लागतोच, त्यामुळे ३० अँपिअरचा एमपीपीटी पिसासारखा हलका असू शकत नाही.

कंट्रोलर बरोबर आहे, तरी बॅटरी उपाशी

दुसरं कारण वायर. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामधली.

कंट्रोलर व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या टर्मिनलवर. बॅटरीपर्यंत जाताना वायरमध्ये किती व्होल्ट खर्च झाले, हे त्याला दिसत नाही. अडीच स्क्वेअरची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर मीटरमागे सुमारे ७.४ मिलिओहम रोध दाखवते. बॅटरी पाच मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ७४ मिलिओहम. २० अँपिअरला तिथेच दीड व्होल्ट गेला! कंट्रोलरला वाटतं १४.४ झाले, बॅटरी भरत आली, आणि तो करंट कमी करायला लागतो. प्रत्यक्षात बॅटरी तेव्हा तेराच्याही खाली असते. हाच कंट्रोलर बॅटरीपासून एक मीटरवर आणून दहा स्क्वेअरची वायर टाकली, की घट ०.०७ व्होल्टवर येते. पॅनलकडची वायर लांब असली तरी चालेल, विशेषतः एमपीपीटीत, कारण तिकडे व्होल्टेज जास्त आणि करंट कमी असतो. बॅटरीकडची वायर मात्र आखूड आणि जाडच हवी.

तपासायला सोपं आहे. भर चार्जिंगमध्ये कंट्रोलरच्या पडद्यावरचं बॅटरी व्होल्टेज बघा आणि त्याच मिनिटाला मल्टीमीटरने थेट बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची पट्टी), फ्यूज किंवा टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर, यातलं काहीतरी आड येतंय. मी आधी लग हाताने चाचपतो. चार्जिंग चालू असताना एखादा लग गरम लागला तर शोध तिथेच संपतो.

तिसरं कारण सेटिंग, आणि बॅटऱ्या अकाली जाण्यात याचा वाटा मोठा आहे. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला २५ अंशांना साधारण १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन तिथे काही तास धरावं लागतं, मग १३.५ ते १३.८ वर फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारा हलका चार्ज. जेल बॅटरीला थोडं कमी, १४.१ ते १४.२. पाण्याच्या, म्हणजे ट्युब्युलर किंवा साध्या फ्लडेड बॅटरीला अधूनमधून इक्वलाइज चार्ज, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणारा जादा चार्ज लागतो, जो १४.८ च्या वर जातो. तोच इक्वलाइज चार्ज सीलबंद किंवा जेल बॅटरीला दिला तर ती सुकते, कारण तिच्यात पाणी परत घालता येत नाही. बरेच कंट्रोलर कारखान्यातून 'सील्ड' या सेटिंगवर येतात आणि माणसं ट्युब्युलर बॅटरी जोडून मोकळी होतात. बॅटरी रोज नव्वद टक्क्यांवर थांबते, प्लेटांवर सल्फेट बसत जातं, आणि वर्ष-दीड वर्षात १५० अँपिअर-अवरची बॅटरी ६० सारखी वागायला लागते.

तापमानाचाही हिशोब आहे. लेड-ॲसिडच्या प्रत्येक सेलला अंशामागे ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी-जास्त करावे लागतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल. खोली ४० अंशांवर गेली तर १४.४ च्या जागी साधारण १४ च पुरतात. थंडीत ५ अंशांवर १४.९ च्या आसपास लागतात. म्हणून तापमानाचा सेन्सर बाहेर वायरने येणारा आणि बॅटरीला चिकटवता येणारा कंट्रोलर मिळाला तर तोच घ्या. ज्यांचा सेन्सर डबीच्या आत असतो, ते बॅटरी आणि कंट्रोलर एकाच खोलीत असतील तरच उपयोगाचे.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर नियम वेगळे. १४.२ ते १४.४ पुरे, इक्वलाइज बंद, तापमानाची भरपाई बंद, आणि सेल शून्य अंशाखाली असताना चार्जिंग अजिबात नाही. लेड-ॲसिडच्या जुन्या पीडब्ल्यूएमवर लिथियम बॅटरी जोडली, की आपोआप होणारा इक्वलाइज चार्ज बीएमएसला (बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटला) बॅटरी तोडायला लावतो. उन्हात चालू कंट्रोलरखालून बॅटरी अशी अचानक निघून गेली, की व्होल्टेज उसळतं आणि त्यात आधी लोड टर्मिनलवरची उपकरणं जातात. ज्यात चार्जिंगचे सगळे आकडे स्वतः भरता येतात असा कंट्रोलरच लिथियमसाठी घ्यावा.

नवा घेताना कुठला आकडा पक्का धरायचा

पहिला आकडा पॅनलचं व्होल्टेज, आणि इथे तडजोड नाही. मर्यादेपेक्षा करंट जास्त उपलब्ध असेल तर बहुतेक चांगले एमपीपीटी आपल्या रेटिंगवर थांबतात आणि वरचं सोडून देतात. व्होल्टेज जास्त झालं तर तसं होत नाही, आतले भाग तत्क्षणी जळतात.

लेबलवरचं व्हीओसी २५ अंशांना मोजलेलं असतं. पॅनल जितकं थंड, तितकं ते वाढतं; अंशामागे सुमारे ०.३ टक्के, नेमका आकडा लेबलवर किंवा माहितीपत्रकात असतो. वरची दोन पॅनल सीरिजमध्ये जोडली तर ९२ व्होल्ट. थंडीच्या पहाटे पॅनल शून्य अंशांवर असेल तर साडेसात टक्के वाढ, म्हणजे जवळजवळ ९९ व्होल्ट. १०० व्होल्टचा कंट्रोलर कागदावर अजून वाचला, पण मी तो या जोडणीला लावणार नाही. एकतर १५० व्होल्टचा घ्यावा, नाहीतर पॅनल समांतर जोडावीत. आणि हे सर्वाधिक व्होल्टेज येतं कधी, तर सूर्याचा पहिला किरण पडताना, जेव्हा कंट्रोलरने अजून करंट घ्यायला सुरुवातही केलेली नसते. म्हणूनच 'रात्री नीट होता, सकाळी बघतो तर मेलेला' अशी गोष्ट ऐकू येते.

करंटचा हिशोब त्यामानाने साधा. एमपीपीटीसाठी पॅनलचे एकूण वॅट भागिले बॅटरीचं व्होल्टेज. ३३० भागिले १३ म्हणजे २५ अँपिअर, तर ३० चा घ्या. पीडब्ल्यूएमसाठी सगळ्या समांतर पॅनलच्या आयएससीची बेरीज आणि त्यावर २५ टक्के वाढ. स्वस्तातल्या कंट्रोलरवर लिहिलेला आकडा मी पूर्ण धरत नाही. बंद, गरम जागेत तो कमी करंटवरच हाशहुश करतो. उभा, भिंतीवर, खाली-वर हात मावेल इतकी मोकळी जागा सोडून लावा, आणि पाण्याच्या बॅटरीच्या बरोब्बर वर तर नकोच. तिथून निघणारा हायड्रोजन आणि ॲसिडची वाफ दोन्ही वाईट.

अजून काहीच घेतलं नसेल आणि पुढे वाढवायचा विचार असेल, तर आत्ताच २४ व्होल्टवर जा. ३० अँपिअरचा एमपीपीटी १२ व्होल्टवर सुमारे ४०० वॅटचं पॅनल सांभाळतो, २४ वर ८००. कंट्रोलर तोच, आणि तेवढ्याच वॅटला वायरमधला करंट अर्धा.

बॅटरीलाही विचारायला हवं. १५० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिडला १५ अँपिअर आरामाचे, ३० ही माझ्या हिशोबी वरची मर्यादा. त्याहून जास्त करंट देणारा कंट्रोलर असेल तर सेटिंगमध्ये तो बांधून टाका.

जोडताना होणाऱ्या दोन चुका

इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर जोडू नका. ते टर्मिनल दिवे आणि लहान डीसी पंख्यांसाठी आहे. मोटर किंवा फ्रिज सुरू होताना इन्व्हर्टर क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो आणि कंट्रोलरच्या आतला मॉस्फेट (स्विचचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जातो. इन्व्हर्टर थेट बॅटरीवर, मधे योग्य फ्यूज घालून. फ्यूज कंट्रोलरच्या बॅटरीकडच्या वायरलाही हवा आणि तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ, कारण शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर बॅटरीतूनच येतात.

आणि क्रम: जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. बॅटरी जोडली की कंट्रोलर व्यवस्था १२ ची की २४ ची हे ओळखतो. आधी पॅनल जोडलं तर तो चुकीचं ओळखू शकतो किंवा बॅटरीविना आलेल्या व्होल्टेजने बिघडू शकतो. पॅनलच्या लाइनमध्ये डीसीचा एमसीबी टाकला तर हा क्रम पाळणं सोपं होतं. एसीचा एमसीबी इथे चालत नाही, डीसीचा आर्क (स्विच उघडताना पेटणारी ठिणगी) तो नीट विझवू शकत नाही.

कंट्रोलर बदलल्यावर पहिले आठ-दहा दिवस रोज दोन आकडे लिहून ठेवा: पहाटे, ऊन पडण्याआधी आणि लोड बंद करून अर्ध्या तासाने बॅटरीचं व्होल्टेज, आणि दुपारी १४.४ किती वाजता गाठलं. लेड-ॲसिडमध्ये पहाटेचे १२.२ म्हणजे साधारण निम्मी बॅटरी शिल्लक. आकडा रोज थोडा वर सरकत असेल तर बॅटरी सावरतेय, तिला वेळ द्या. १४.४ सकाळी दहालाच गाठलं जातंय आणि तरी संध्याकाळी लोड लावताच व्होल्टेज कोसळतंय, तर सल्फेटने क्षमता खाल्ली आहे. पाण्याची बॅटरी असेल तर पाणी तपासून, दारं-खिडक्या उघड्या ठेवून एक-दोनदा इक्वलाइज करून बघा आणि हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल मोजा. सगळे सेल एकसारखे वर आले तर बॅटरी वाचली. पाच वर आले आणि एक खालीच राहिला, तर ती बॅटरी आता बदलावीच लागेल. पण नवी बॅटरी या वेळी बरोबर कंट्रोलरवर जोडली जाईल.